खालच्या खोलीतला गारवा

भगवानराव उन्हानं गेले, हे सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. डॉक्टरांनी तसं लिहिलं, कॉलेजनं शोकसभेत तसं सांगितलं, गावानं मान डोलावली. यवतमाळच्या मे महिन्यात माणूस मेला की कारण शोधायला लांब जावं लागत नाही. पारा पंचेचाळिसाच्या वर ठाण मांडून बसलेला असतो, त्याच्या नावावर काय वाटेल ते खपून जातं. एकट्या उमेराच्या घशाखाली ते उतरेना. भगवानरावांना उन्हानं मारलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. कशानं मारलं तेही ठाऊक होतं. ते त्यांच्या बायकोला, तानाबाईला, जाऊन सांगायचं की तोंड शिवून बसायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

उमेरा पांढरकवड्याची. तिचे वडील मोहिउद्दीन ट्रकांचे रेडिएटर दुरुस्त करायचे. त्या रस्त्यानं जाणाऱ्या निम्म्या गाड्या कधी ना कधी त्यांच्या दुकानासमोर वाफा सोडत थांबलेल्या. पोरगी शिकत शिकत यवतमाळबाहेरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात पीएच.डी.ला लागली. विषय सांगितला की नातेवाईक चहाचा कप खाली ठेवायचे. अणुभट्टीतल्या इंधनाच्या नळ्या! तिच्या फुफीनं तर सरळ विचारलं होतं, "मतलब बम बनाते क्या तुम लोग?"

"बम नहीं फुफी, लाईट," उमेरा हसून म्हणाली होती.

गोष्ट तशी समजायला अवघड नाही. युरेनियमच्या लहान लहान गोळ्या एकावर एक रचून लांब, बारीक नळीत भरतात. नळी झिरकोनियम नावाच्या धातूच्या मिश्रणाची. बाहेरून पाणी फिरत असतं तोवर ही नळी शहाण्या सुनेसारखी वागते. पाणी थांबलं की तिची तऱ्हा बदलते. ती तापते, आतल्या दाबानं फुगते, वाफ तिला बाहेरून कुरतडत जाते, त्यातून हायड्रोजन निघतो आणि धातूचा अक्षरशः पापड होतो. जपानातल्या अणुभट्ट्यांची छपरं उडाली ती याच हायड्रोजननं. उमेरा या नळ्यांवर क्रोमियमचा पातळ थर देऊन बघत होती. बाराशे अंशांच्या वाफेत ठेवायची आणि लालबुंद असतानाच थंड पाण्यात सोडायची. थर नसलेली नळी पाण्यात पडताच तडकायची, तुकडे व्हायची. थर असलेली शाबूत राहावी, एवढ्यासाठी तिनं चार वर्षं घातली होती.

त्यासाठी लागणारी भट्टी उभी होती, पुरुषभर उंचीची. ती ज्या हॉलमध्ये होती त्याच्याखाली पाच-सहा पायऱ्या उतरून एक बुटकी खोली खणून काढलेली. तिथं पाण्याचा टब. वरून तापलेली नळी सोडली की लोखंडी पाइपातून थेट टबात. खोलीला खिडकी नाही, झरोका नाही, पायऱ्यांच्या तोंडाशी पत्र्याचं दार तेवढं. टबाच्या पाण्यामुळे आणि जमिनीच्या ओलीमुळे अख्ख्या कॉलेजात एवढी गार जागा दुसरी नव्हती.

टब भगवानरावांच्या ताब्यात. कॉलेजच्या मागच्याच गावातले, पन्नाशी ओलांडलेले. तरुणपणी विहिरी खोदल्या, आता पाच एकरांत कपाशी आणि तूर, आणि दिवसा प्रयोगशाळेत मदतनीस. टबातले नळीचे तुकडे ते चहाच्या गाळणीनं काढायचे. उमेरानं त्यासाठी चांगला चिमटा आणून दिला होता, पण तो त्यांनी कपाटात शोभेला ठेवला.

"मॅडम, आज बी पापडच," खालून त्यांचा आवाज यायचा.

"किती तुकडे, काका?"

"मोजत बसलो तं संध्याकाळ होते. तुमी नवा पापड लाटा."

उमेराला राग यायचा आणि हसूही यायचं. वडिलांच्या वयाच्या माणसानं असं छेडलं की तिला घरच्यासारखं वाटायचं, आणि वडिलांना सांगता येत नाहीत अशा गोष्टी ती भगवानरावांना सांगायची.

भट्टीतून दोन वाटा निघत होत्या. वरच्या तोंडातून वाफ आणि हायड्रोजन थेट छताबाहेर. या हायड्रोजनपायी उमेरानं अख्खं कॉलेज वेठीला धरलं होतं. छताला पंखा बसवून घेतला, गळती झाली तर वाजणारी घंटा बसवून घेतली, काडेपेटी जवळ बाळगायची नाही असा दम सगळ्यांना भरला. खालच्या तोंडाशी बाहेरची हवा शिरू नये म्हणून तिथं आर्गन वायू सोडलेला असायचा, तो एका रबरी नळीनं खिडकीबाहेर जायचा. आर्गनची तिला कधी भीती वाटली नाही. तो हवेत असतोच. जळत नाही, भडकत नाही, विषारी नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. हे तिनं भगवानरावांना समजावलं तेव्हा ते म्हणाले होते, "म्हंजे आपल्या ऑफिसातल्या बाबूसारखा. बसून राह्यते नुसता."

एप्रिल लागला की विदर्भात खिडकीचं काम बदलतं. ती कूलरची जागा होते. भट्टीच्या हॉलला खिडकी एकच. भगवानराव आणि गेटवरचा चौकीदार उकंडा यांनी मिळून स्टोअरमधून कूलर ओढत आणला, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, आणि खिडकीत बसवायला गेले तर मधे ती रबरी नळी.

"मॅडम, ह्या नळीचं काय करू?"

उमेरा भट्टीच्या पॅनलवर आकडे लावत होती. "कोणती?"

"आयशी गॅसची. तो बसून राह्यते नुसता, त्याची."

"राहू द्या खालीच सोडून. आर्गनच तर आहे."

भगवानरावांनी नळी पायऱ्यांवरून खालच्या खोलीत सोडून दिली आणि कूलर खिडकीत ठोकून बसवला. उमेरानं मान वर करूनही पाहिलं नाही. आर्गन हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात उतरतो आणि तिथून हवेला हुसकून लावतो, हे तिनं पहिल्याच वर्षी शिकलेलं होतं. कूलर सुरू झाला, वाळ्याचा वास सुटला, आणि सगळ्यांना बरं वाटलं.

महिनाभर काही झालं नाही, कारण प्रयोग लहान होते आणि पत्र्याचं दार उघडं असायचं. भगवानराव दुपारची भाकर खाली टबापाशी बसून खायचे. "अठीसारखा गारवा कलेक्टरच्या बंगल्यावर बी नसन," म्हणायचे.

मग शेवटच्या नळीची पाळी आली. तिचा थर सगळ्यांत चांगला बसला होता. हा प्रयोग मोठा होता. दोन दिवसांपासून आर्गन सोडलेला, एक सिलिंडर रिकामं होऊन दुसरं नुकतंच लागलेलं. टबातलं पाणी जराही कोमट व्हायला नको, म्हणून उमेरानं खालचं दार लावून ठेवायला सांगितलं होतं. भगवानरावांनी ते चोख पाळलं. सांगितलेलं काम ते कधी अर्धवट करत नसत, त्यांची खोड असेल तर तीच.

त्या दिवशी ते सकाळी शेतात वखरणी करून दुपारी सायकलनं आले. डोक्याला दुपट्टा, चेहरा भाजून तांब्यासारखा झालेला. टबात बर्फ टाकायचा होता. बर्फाची पिशवी घेऊन ते खाली उतरले. थोड्या वेळानं कसेबसे पायऱ्या चढून वर आले, हॉलच्या दाराशी गेले आणि उंबऱ्यात कोसळले.

उकंडा गेटवरून धावत आला. "ऊन लागलं, मॅडम! भगवानभाऊले ऊन लागलं!"

उमेरानंही पाहिलं ते हेच. शेतातून आलेला माणूस, ओठ काळेनिळे, डोळे अर्धवट, श्वास धापा टाकल्यासारखा. ती याच मातीतली. लहानपणापासून दर उन्हाळ्यात गल्लीत कोणीतरी असं पडायचं आणि बाया कांदा घेऊन धावायच्या. अशा वेळी डोकं विचार करत नाही, हात आपले आपण चालतात. तिनं दुपट्टा भिजवून त्यांच्या डोक्यावर ठेवला. उकंड्यानं डब्यातला कांदा फोडून तळपायाला चोळला. तोंडावर पाणी मारलं. तिनं अँब्युलन्सला फोन लावला. गाडी निघते म्हणाले.

तेवढ्यात भगवानरावांनी डोळे उघडले. "डोस्कं गरगरून राह्यलं," ते म्हणाले. "बाकी काही नाही. उगाच घाबरता तुमी."

उंबऱ्यात, भणभणत्या गरम वाऱ्यात पडलेला माणूस सुधारत होता. ओठांचा रंग परत येत होता. ते तिघांपैकी कोणाच्याही ध्यानात आलं नाही. ऊन लागलेल्या माणसाला गरम वाऱ्यात ठेवायचं नसतं, हे मात्र तिघांनाही पक्कं माहीत होतं.

"इथं झळ लागते आहे," उमेरा म्हणाली. "उकंडा, यांना खाली नेऊ. खाली गार आहे."

दोघांनी त्यांना बखोटीला धरून पायऱ्या उतरवल्या, टबाशेजारी फरशीवर निजवलं, डोक्याखाली दुपट्ट्याची घडी दिली. वर येता येता उकंडा भिंतीला टेकला. "मले बी चक्कर आल्यावानी झालं, मॅडम."

"तू दिवसभर उन्हातच उभा असतोस. पाणी पी, आणि गेटवर जाऊन थांब, अँब्युलन्सवाल्याला रस्ता सापडणार नाही."

तिलाही डोकं हलकं वाटलं होतं. धावपळीनं असेल. भट्टीची धग खाली जाऊ नये म्हणून तिनं पत्र्याचं दार स्वतःच्या हातानं ओढून घेतलं.

"काका, बरं वाटतं का?"

"लय गार वाटते, मॅडम," दारापलीकडून आवाज आला. जरा जड, झोप आलेल्या माणसासारखा. तिला हायसं वाटलं.

पॅनलवर आकडा बाराशेला टेकला होता. ठरलेला वेळ भरत आला होता. आता सोडली नाही तर नळी गेली, चार वर्षं गेली. ती पॅनलपाशी गेली. तिच्या जागी दुसरं कोणीही गेलं असतं. माणूस बोलत होता, गारव्यात होता, गाडी वाटेवर होती. वेळ भरल्यावर तिनं खटका ओढला. पाइपातून सळसळत नळी खाली गेली, पाण्याचा चर्रर्र आवाज झाला. तडकल्याचा आवाज आला नाही. कान देऊन ऐकलं तरी आला नाही.

नळी शाबूत होती.

उमेरा लहान मुलीसारखी ओरडली, "काका! आज पापड नाही! ऐकलंत का, काका?"

तिनं दार उघडलं. भगवानराव निजवले होते तसेच निजलेले. ती पायऱ्या उतरून खाली पोचली, त्यांचा खांदा हलवला, डोळ्यांपुढे अंधारी आली तशी वर धावली आणि उकंड्याच्या नावानं किंचाळत सुटली. दोघांनी त्यांना फरफटत वर आणलं. अँब्युलन्स आली. उपयोग काही नव्हता.

शवविच्छेदन झालं. शेतातून आलेला, उन्हात सायकल चालवलेला माणूस. दोन जण सांगतात ऊन लागलं. डॉक्टरांनी उष्माघात लिहिलं. त्यांचीही चूक म्हणता येणार नाही. आर्गन रक्तात सापडत नाही, फुप्फुसात डाग ठेवत नाही. तो काही करतच नाही. नुसता बसून राहतो, जिथं हवा बसायला हवी तिथं.

अंत्यविधी झाल्यावर दुसऱ्या दिवशी उमेरा भट्टीच्या हॉलमध्ये गेली ती भट्टी बंद करायला. त्या गडबडीत कोणी काही बंद केलंच नव्हतं. आर्गनच्या मीटरमधली गोळी अजून वर तरंगत होती, म्हणजे गॅस चालूच. तिनं चावी फिरवायला हात पुढं केला आणि डोळे आपोआप नळीवरून फिरत गेले. सिलिंडरपासून भट्टीपर्यंत, भट्टीपासून रबरी नळी, रबरी नळी खिडकीकडे. खिडकीत कूलर. नळी तिथून वळून पायऱ्यांवरून खाली.

तिनं चावी फिरवून गॅस बंद केला.

एवढं शिकून आपण आता अंदाजावर जाणार नाही, असं काहीतरी स्वतःशी म्हणाली. स्टोअरमधून मेणबत्ती आणली, तारेला बांधली, उकंड्याला बोलावून त्याची काडेपेटी मागितली. काडेपेटीवरून जी बाई महिनोन् महिने दम देत होती तीच मागते आहे, म्हणून तो बिचकला. तिनं दार उघडलं आणि पेटती मेणबत्ती तारेनं हळूहळू खाली सोडली. मधल्या पायरीच्या खाली ज्योत आखडली. आणखी थोडी खाली सोडल्यावर विझली. धूर वर आला नाही, तिथंच पसरून राहिला.

तिनं पुन्हा पेटवली. पुन्हा विझली.

उकंडा बघत होता. "विहिरीत गाळ काढाले उतरतेत तवा असाच कंदील सोडतेत पहिले," तो म्हणाला. "इझला तं उतरत नाही कोनी."

"भगवानकाकांना माहीत होतं हे?"

"त्याईले? जिंदगी विहिरीत गेली त्याईची. त्याईनंच मले शिकवलं."

"मग इथं का नाही पाहिलं त्यांनी?"

उकंडा गोंधळला. "अठी कायले पाहतीन? हे काय विहीर हाय? हे तं तुमची सायन्सची खोली." बोलता बोलता त्याला उमगलं. त्यानं विझलेल्या मेणबत्तीकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे, ज्यांनी भगवानरावांना बखोटीला धरून उतरवलं होतं. "मी काही पाह्यलं नाही, मॅडम," तो म्हणाला. "मी आज अठी आलोच नाही." काडेपेटीही न घेता तो निघून गेला.

उमेरा विभागप्रमुख गावंडे सरांकडे गेली. सर वाईट माणूस नव्हते. विद्यार्थ्यांसाठी झटणारे, भगवानरावांच्या मयतीला खांदा दिलेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि उठून केबिनचं दार लावलं.

"ती रबरी नळी बाहेर काढलीस?"

"हो. कूलरच काढून टाकला."

"मग झालं तर. आता खाली गेला तरी कोणी मरणार नाही." त्यांनी चष्मा पुसला. "तू बोललीस की काय होईल सांगू? भट्टीला सील लागेल. चौकशी बसेल. तुझं शिक्षण संपलं. आणि ती शेवटची नळी, जी शाबूत राहिली, तीही कपाटात सडेल. तुला ठाऊक आहे ती नळी काय आहे. उद्या कुठल्या भट्टीत पाणी थांबलं तर त्या थरामुळे हजारो जीव वाचतील. ऊन लागून गेला म्हणजे कोणाचाच दोष नाही. त्या बाईलाही तेच बरं. दोष द्यायला माणूस मिळाला की दुःख नासतं."

बोलणं खोटं नव्हतं, हीच त्यातली पंचाईत होती. उमेराला कोणी धमकावलं असतं तर ती पेटून उठली असती. समजूत घालणाऱ्या माणसाला ती "बरं, सर" म्हणाली आणि बाहेर पडली.

ती एसटीनं पांढरकवड्याला गेली. वडिलांना सांगितलं. मोहिउद्दीन दुकानासमोरच्या बाकावर ऐकत राहिले, हातातला पाना खाली न ठेवता. त्यांचं उत्तर गावंडे सरांपेक्षा कमी शब्दांत होतं आणि जास्त लागलं.

"बेटा, तू चूक सांगशील. लोक आधी आपलं नाव ऐकतील." मग म्हणाले, "मैं डर रहा हूँ, इसलिये बोल रहा हूँ. सही क्या है वो मेरे से मत पूछ."

उमेरानं विचारलं नाही. आठ दिवस ती घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. भीती तिलाही होती, चांगलीच होती. पण डोळे मिटले की तिला भगवानराव दिसत नव्हते. तिला दार दिसायचं, आणि ते ओढून घेणारा आपला हात. त्या दारापलीकडून माणूस म्हणाला होता, लय गार वाटते. आणि तिला हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची तिला अशी किळस आली की ती उठली आणि परतीच्या गाडीत बसली.

भगवानरावांचं घर गावाच्या टोकाला, कुडाच्या भिंतीचं, पुढे पत्र्याची पडवी. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. तेरावं आटोपून पाहुणे पांगले होते. तानाबाई पडवीत एकट्याच बसल्या होत्या, पुढे सुपात तूर होती पण निवडत नव्हत्या. उमेराला पाहताच धडपडत उठल्या.

"या बाई, या. उन्हाच्या कायले आल्या? हे पाहा, अठी सावलीत बसा. पहिले पानी घ्या."

त्यांनी माठातलं पाणी दिलं. उमेरानं पेला हातात धरला, प्यायली नाही.

"मी सगळ्याईले सांगतलं," तानाबाई म्हणाल्या. "आमचं मानूस वनवाशासारखं रस्त्यावर नाही गेलं. मॅडमनं सोताच्या हातानं उचललं, गार जागेत निजवलं, डोस्क्याखाली दुपट्टा देल्ला. उकंडा सांगत होता. मरन तं कोनाले चुकलं बाई, पन गारव्यात गेले. जिंदगीभर उन्हात राबलं मानूस. शेवटाले तरी गारवा भेटला. तेवढ्यावरच मी जगून राह्यली." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि उमेराच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. "तुमचं भलं होवो, पोरी."

इथून उठून जाता आलं असतं. पाणी प्यायचं, पाया पडायचं, निघायचं. त्या बाईला तिचा गारवा राहिला असता. उमेराला तो क्षण नंतर कितीदा तरी आठवला असता आणि तिनं स्वतःला माफही केलं असतं. माणूस स्वतःला माफ करायला फार दिवस लावत नाही.

"काकू," ती म्हणाली, "त्यांना ऊन लागलं नव्हतं."

आणि मग तिनं सांगितलं. आर्गन वगैरे शब्द गळून पडले. एक गॅस असतो, जड असतो, खड्ड्यात साचतो. विहिरीत साचतो तसाच. त्याची नळी खिडकीबाहेर होती. कूलर लावताना काकांनी विचारलं, काय करू. मी म्हटलं, खाली सोडा. ते बर्फ टाकायला खाली गेले, गॅसनं चक्कर आली, वर येऊन पडले. वर शुद्धीवर येत होते, बोलत होते. मला वाटलं ऊन आहे. मी त्यांना परत खाली नेलं. आणि दार लावलं.

तानाबाई ऐकत होत्या. विहिरीचं नाव निघालं तेव्हा त्यांनी मान हलवली. विहीर खोदणाऱ्याच्या बायकोला ते कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"डोये उघडले होते त्याईनं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बोलले?"

"उगाच घाबरता तुम्ही, म्हणाले."

"मंग वरतच ठेवलं असतं तं?"

"उठून बसले असते."

"दारात? उन्हात?"

"उन्हात ठेवलं असतं तर जगले असते, काकू."

तानाबाईंनी सूप बाजूला सारलं. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, शिव्याशाप दिले नाहीत. उमेरा शिव्यांचीच वाट पाहत होती, आल्या असत्या तर तिनं पदर पसरून घेतल्या असत्या. तानाबाईंचा चेहरा मात्र हळूहळू असा झाला, की तेरा दिवसांपूर्वीची बातमी त्यांना आत्ता कळते आहे. नवरा पुन्हा एकदा मेला होता, आणि या वेळी गारवाही नव्हता.

पलीकडच्या घरातून वच्छलाबाई डोक्यावर पदर ओढत आल्या. "कोन आलं व, तानाबाई? कॉलेजची मॅडम हाय का?"

"व्हय," तानाबाई म्हणाल्या. त्यांनी उमेराचं मनगट धरलं. पकड शेतात राबलेल्या बाईची होती, उमेराला हात सोडवता आला नसता. "बस, वच्छला. हे मॅडम काय सांगते ते आयक." मग उमेराकडे वळून म्हणाल्या, "सांगा. मले सांगतलं तसंच. पहिल्यापासून."

"काकू, मी—"

"तेरा दिवस मी गावभर सांगत फिरली, मॅडमनं गारव्यात निजवलं म्हनून. ज्याईले ज्याईले सांगतलं त्या सगळ्याईले आता तुमी सांगान. हिच्यापासून धरा. मंग सरपंचाकडे जाऊ. मंग तुमच्या सायबाकडे. मी संग हाय, हात सोडत नाही."

वच्छलाबाई खाली बसल्या आणि दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहू लागल्या. बाहेर ऊन तसंच होतं. उमेरानं पेला खाली ठेवला आणि कूलर लावला त्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड होतं.